हजार वर्षं मागे गेलात, तर सोबत काय न्याल?

संध्याकाळची अंबरनाथ लोकल. ठाण्याला बसायला मिळालं तर लॉटरी, नाहीतर एका हातात कडी, दुसऱ्या हातात मोबाइल आणि कानात कोरियन. डोंबिवली येईपर्यंत अर्धा एपिसोड संपतो. कल्याण-विठ्ठलवाडीला हिरॉइन रडायला लागते. आणि नेमकं दोघं एकमेकांच्या जवळ येतात तेव्हा कानातल्या कोरियनवर मात करून अनाउन्समेंट होते, 'पुढील स्टेशन अंबरनाथ'. मग उतरा, पश्चिमेचा जिना पकडा आणि बाकीचं रिक्षाच्या लायनीत उभं राहून बघा.

तुमचंही असंच चालू असेल तर आपलं जमेल. घरून 'काय मिळतं गं तुला त्या कोरियन रडगाण्यातून?' हा प्रश्न तुम्हालाही येत असणार. मी बरेच दिवस त्यावर 'तुला नाही कळणार' असं उत्तर देत होते. आता मात्र माझ्याकडे खरं उत्तर आहे. ते जरा टोचणारं आहे, म्हणून आईला अजून दिलेलं नाही. आधी तुम्हाला सांगते.

माझा वीक पॉइंट म्हणजे टाइम ट्रॅव्हल, डॉक्टर आणि प्रेम या तिन्हींची भेळ असलेल्या मालिका. एकट्या २०१२ मध्ये कोरियात अशा दोन आल्या. 'डॉक्टर जिन'मध्ये आजच्या सेऊलमधला न्यूरोसर्जन थेट १८६० च्या जोसॉन राजवटीत जाऊन पडतो. मुळात ही कथा मोतोका मुराकामी या जपानी चित्रकथाकाराच्या 'जिन' या मांगावरून घेतलेली. दुसरी 'फेथ'. तिच्यात गोरयो राजवटीतला सेनापती चोई यंग, म्हणजे आपला ली मिन-हो, काळाच्या दारातून आजच्या गंगनममध्ये येतो आणि उन-सू नावाच्या प्लास्टिक सर्जनला उचलून चौदाव्या शतकात घेऊन जातो. कारण तिकडे राणीच्या मानेवर तलवारीचा वार झालाय आणि ती जखम शिवणारं कुणीच नाही. मग २०१७ मध्ये आली 'लिव्ह अप टू युवर नेम'. हिच्यात गाडी उलटी धावते. जोसॉन काळातला हो इम नावाचा सुया टोचून उपचार करणारा वैद्य आजच्या सेऊलमध्ये येतो आणि एका हार्ट सर्जन बाईशी आधी भांडतो, मग प्रेमात पडतो.

तिन्ही बघितल्यावर एक खेळ सुचला. आमच्याकडे असं दार उघडलंच तर कुठे उघडेल? अर्थात शिवमंदिरात. आम्ही पश्चिमेचे, मंदिर पूर्वेला, पण दार उघडायचं तर पूल ओलांडायला हरकत नाही. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहारांचं राज्य. समजा मी गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरले आणि वर आले ती थेट १०६० मध्ये. पाठीला कॉलेजची सॅक, मोबाइलची बॅटरी अठरा टक्के, नेटवर्क शून्य.

पहिला प्रॉब्लेम भुकेचा. वडापाव मिळणार नाही, कारण बटाटा नाही, मिरची नाही, पावही नाही. बटाटा-मिरची अमेरिका खंडातून इकडे यायला अजून काही शतकं बाकी आहेत. दुसरा प्रॉब्लेम जास्त गंभीर. समोर कुणीतरी आजारी माणूस आणून ठेवला आणि म्हणाले, 'तू पुढच्या काळातून आलीस ना, कर बरा.' तर मी काय करणार?

तुम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारा, अगदी प्रामाणिकपणे. पॅरासिटामॉल कसं बनवतात, माहितेय? मला नाही. पेनिसिलिन बुरशीतून निघतं हे माहितेय, पण कुठली बुरशी, ती वाढवायची कशी, त्यातलं औषध वेगळं कसं काढायचं? लस कशी बनते? एक्स-रे? आपण विज्ञानयुगातली मुलं वगैरे आहोत खरी, पण आपलं बहुतेक ज्ञान मेडिकल स्टोअरच्या काउंटरपलीकडे ठेवलेलं आहे. आपल्याला फक्त पैसे देऊन स्ट्रिप घेता येते.

मालिकेतल्या डॉक्टरांचंही सुरुवातीला हेच होतं. हात कसबी असतात, पण हातमोजे नाहीत, वीज नाही, सलाइनची बाटली नाही, रक्त नाही. म्हणून मला या मालिका आवडतात. त्यात डॉक्टरचा अहंकार पहिल्या दोन-तीन एपिसोडमध्येच उतरतो. मोठ्या हॉस्पिटलात तो हिरो होता, कारण त्याच्यामागे नर्स, लॅब, औषध कारखाना, स्वच्छ पाणी अशी हजार माणसांची फौज उभी होती. ती मागे राहिली की उरतं ते फक्त डोक्यात असलेलं.

आता ती टोचणारी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. आमची बिल्डिंग विम्को नाक्याच्या बाजूला, आत. भिंती अशा की शेजारच्यांचा कुकर किती शिट्ट्यांवर बंद झाला ते आम्हाला कळतं. त्या आठवड्यात नळाला गढूळ पाणी येत होतं. निम्म्या बिल्डिंगची पोटं बिघडलेली. मी रात्री अकराला 'डॉक्टर जिन' लावून बसले होते. एपिसोड कॉलऱ्याचा. गावात पटकी पसरलीय, माणसं पटापट मरतायत, कुणाला कारण कळत नाही. आणि हा एकटा डॉक्टर जीव तोडून सांगतोय, की यांच्या अंगातलं पाणी आणि क्षार निघून चाललेत, ते परत भरा. मी आमच्या ग्रुपवर मेसेजही टाकला, 'काय सीन आहे यार, अंगावर काटा.'

त्याच वेळी भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचा दीड वर्षाचा नातू रडत होता. सकाळपासून जुलाब चालू होते, हे मला जिन्यात कळलं होतं. कुणीतरी मोठ्या आवाजात म्हणालं, 'पाणी नका देऊ त्याला, पाणी दिलं की लगेच जातंय.' हे मी ऐकलं. हेडफोन नीट बसवला आणि पुढचा सीन बघितला.

पहाटे दोनला जिन्यात धावपळ झाली. पोरगं निपचित पडलं होतं, डोळे आत गेलेले. रिक्षा मिळवून दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, दोन दिवसांनी परत आलं. आज ते मस्त आहे, आमच्या दारावर लाथा मारतं. पण चार दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा सगळं बोलणं झालं, आणि काकूंनी सहज विचारलं, 'तू तर सायन्सची ना गं? तुला माहीत होतं का, की पाणी द्यायचं असतं?'

माहीत होतं. मी त्याच मिनिटाला कोरियन भाषेत, सबटायटलसकट, तेच बघत होते. दीडशे वर्षं मागे गेलेल्या डॉक्टरचं मी कौतुक केलं आणि मला नऊ इंचांची भिंत ओलांडता आली नाही.

मी म्हणते तो मुद्दा हा. टाइम ट्रॅव्हल खोटं नाही. आपल्या आजूबाजूला एकाच मजल्यावर दोन-तीन शतकं शेजारी शेजारी राहतात. एका घरात २०२४ असतं, पलीकडच्या घरात जुलाब झाले की पाणी तोडणारा जुना काळ. मधे दार असतं. ते उघडायला कुणी सेनापती घोड्यावरून येत नाही. आपण उठायचं असतं.

त्या रात्रीनंतर मी या विषयावर जरा वाचलं. जे सापडलं ते कुठल्याही के-ड्रामापेक्षा भारी आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. सीमेवरच्या बोनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनोबिस तिथे काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पुडकी बनवून घेतली, पिंपात पाण्यात कालवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. आधी तीस टक्क्यांच्या आसपास रोगी दगावत होते. ते प्रमाण तीन-चार टक्क्यांवर आलं. ओआरएस नावाची ती पुडी आज आपल्याला इतकी फालतू वाटते, की ती कपाटात कुठे पडलीय हेही आठवत नाही. २०२२ मध्ये डॉ. महालनोबिस गेले. मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुम्हाला त्यांचं नाव माहीत होतं? मला नव्हतं. किम नाम-गिलचा वाढदिवस मात्र माहीत होता.

यामागचं विज्ञानही सुंदर आहे. आतड्याच्या पेशीत साखर आणि मीठ जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाबात बाकी सगळं बिघडलं तरी हे एक दार उघडं राहतं. जोडी मात्र लागते. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ दिलं तर तितकं काम होत नाही. आता सांगा, यापेक्षा चांगली लव्हस्टोरी कोणती?

आणि हे बघा, मीठ १०६० मध्येही होतं. गूळ होता. चूल होती, मडकं होतं. म्हणजे शिवमंदिराच्या दारातून मी मागे गेलेच, तर मला कारखाना लागणार नाही. ज्ञान १९७१ चं, पण सामान हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात तयार होतं. मधली सगळी शतकं माणसं मेली, कारण त्या दोन गोष्टी एकत्र करून पाजायच्या, हे सांगणारं कुणी नव्हतं.

बांगलादेशात तर पुढे कमालच झाली. 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका १९८० ते १९९० अशी दहा वर्षं दारोदार फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचं मिश्रण शिकवलं. त्यांचा मोबदला कशावर ठरायचा माहितेय? नंतर तपासणीला गेल्यावर त्या आईला किती आठवतंय, त्यावर. आपल्या परीक्षांना ही पद्धत लावली तर किती प्राध्यापकांचा पगार होईल, हा विचार मनातच ठेवलेला बरा.

आता 'फेथ'मधल्या राणीकडे परत येऊ. मालिकेत उन-सू तिची मान शिवते आणि राणी वाचते. ही राणी, नोगुक, इतिहासात खरंच होऊन गेली. राजा गोंगमिनची बायको. ती तलवारीनं गेली नाही. १३६५ मध्ये बाळंतपणात गेली. हे वाचल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. तलवारीचा वार, रक्ताची चिळकांडी, ऑपरेशन, हे टीव्हीवर दिसायला छान. पण त्या काळात आणि नंतरही कितीतरी काळ बायका ज्यानं खरोखर मेल्या ते बाळंतपण होतं. त्यासाठी दार ओलांडून कुणी आलं नाही.

आमच्या अंबरनाथहून गाडीत बसलं तर उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. फक्त तीन स्टेशनं. त्या कल्याणची एक मुलगी होती, यमुना. लग्नानंतर आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. तिनं १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोट पकडली आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज गाठलं. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. बघा, कुठल्या दुखण्यातून कुठला विषय निवडला ते. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेच्या धड्यात भेटतात आणि 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' एवढ्या एका ओळीत संपतात. २०१९ च्या 'आनंदी गोपाळ' सिनेमामुळे आपल्या पिढीला त्या जरा जवळच्या झाल्या, हे बरं झालं.

पण मला त्या टाइम ट्रॅव्हलर वाटतात. त्या पुढच्या काळात गेल्या, तिथलं ज्ञान घेतलं आणि मागे राहिलेल्या आपल्या माणसांसाठी परत निघाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डची जबाबदारी त्यांची वाट बघत होती. ती घेणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती, म्हणजे आपल्या ग्रुपमधल्या कुणाचंही वय. क्षयाचा जंतू कॉखनं पाच वर्षं आधीच, १८८२ मध्ये शोधला होता. त्याला मारणारं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. मालिका असती तर सोळाव्या एपिसोडला कुणीतरी ती कुपी घेऊन दारातून आलं असतं.

आज तेच क्षयाचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा. तरी माणसं दोन महिन्यांत बरं वाटलं की गोळ्या सोडतात आणि आजार उलटतो. आनंदीबाईंना जी कुपी मिळू शकली नाही, ती आपल्याकडे डब्यात पडून राहते. हे मला कुठल्याही सॅड एंडिंगपेक्षा जास्त सॅड वाटतं.

'लिव्ह अप टू युवर नेम'चा हो इमही खराच. जोसॉनमधला नावाजलेला सुईवैद्य, पण आई दासी. मालिकेत हात सोन्याचे असूनही जन्मामुळे त्याला वर चढू देत नाहीत. मग तो दिवसा गरिबांच्या सरकारी दवाखान्यात राबतो आणि रात्री चोरून श्रीमंतांच्या घरी जाऊन पैसे कमावतो. आजच्या सेऊलमध्ये आल्यावरही पहिला मोह व्हीआयपी पेशंटचाच होतो. जन्मावरून माणसाची उंची ठरवणं हा प्रकार काय असतो, हे आपल्याला सबटायटलशिवाय कळतं. आणि चांगला डॉक्टर नेमका कुणाच्या दारात जातो, हा प्रश्नही चारशे वर्षांत फारसा हललेला नाही. काळ बदलला तरी पेशंटची रांग दोनच जातींची राहिली, पैसे असलेल्यांची आणि नसलेल्यांची.

'अगं पण ती लव्हस्टोरी आहे, तू केवढं ओझं टाकतेस तिच्यावर!' माझी मैत्रीण हेच म्हणाली. तिचंही खरं आहे. मनोरंजनाला मनोरंजन राहू द्यावं. मीही ली मिन-होला केस उडवताना बघते तेव्हा आतड्याच्या पेशींचा विचार करत नाही. पण प्रेमाबद्दलही या मालिका एक गोष्ट बरोबर सांगतात. 'फेथ'मध्ये तो तिला पळवून आणतो. पळवून आणणं म्हणजे प्रेम नव्हे, हे आपल्याकडच्या सिनेमांनी आपल्याला बरीच वर्षं उलटं शिकवलं. इथे मात्र उन-सू भडकते, त्याच्यावर तलवार चालवते. आणि शेवटी, स्पॉयलर आहे, माफ करा, ती घरी पोचते आणि स्वतःच्या मर्जीनं मागे फिरते. दार तिकडे उघडण्याऐवजी शंभर वर्षं आधी उघडतं. तरी ती थांबते, वाट बघते, पुन्हा निघते. कुणासाठी तरी काळ ओलांडायचा, तोही स्वतः ठरवून. त्या सीनला आपण रडतो ते उगाच नाही.

मला एवढंच म्हणायचंय, की रडून झाल्यावर तसंच थोडंसं आपणही करावं. फार मोठं नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. हे पाठ करा, आत्ता. ओआरएसची पुडी मिळाली तर ती जास्त चांगली. सरकारी केंद्रात आणि आशाताईंकडे ती फुकट मिळते. जुलाब होणाऱ्या बाळाचं पाणी आणि आईचं दूध तोडायचं नाही. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून चौदा दिवस. डोळे आत गेले, लघवी थांबली, मूल मलूल झालं, शौचातून रक्त आलं, तर घरात प्रयोग करत बसू नका, दवाखाना गाठा. हे तुम्हाला माहीत असेलच. पण तुमच्या भिंतीपलीकडच्या घरात माहीत आहे का, एवढं एकदा बघा. आणि घरात कुणाच्या क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर आज स्ट्रिप हातात घेऊन मोजा.

परवा पुन्हा पाऊस झाला. नळाला पुन्हा चहाच्या रंगाचं पाणी. मी एपिसोड पॉज केला, काकूंची बेल वाजवली आणि विचारलं, 'पाणी उकळलंत ना?' काकू म्हणाल्या, 'हो गं बाई, तू रोज विचारतेस!' मागून ते पोरगं आलं आणि त्यानं माझ्या पायावर लाथ मारली.

मी घरी येऊन प्ले दाबलं. आई म्हणाली, 'काय मिळतं गं तुला त्यातून?'

हा लेख छापून आला की तिला देणार आहे.